आधीची कार्डं

आम्ही कॉम्प्युटर सेंटरची माणसं कुठे एकत्र भेटलो, की बाकीचे लोक आमच्यापासून जरा लांब बसतात. मागे एका तेरवीला भेटलो होतो. पहिली पाच मिनिटं सगळे गंभीर. मग लालवानीनं माझ्या कानाशी येऊन नुसतं ‘पंखा’ म्हटलं, आणि मला पदर तोंडात कोंबून मांडवाबाहेर पळावं लागलं! नोकरी सुटून इतकी वर्षं झाली, मशीन कधीच भंगारात गेलं, पण किस्से काही आटत नाहीत. उलट दर भेटीत एखादा नवीनच निघतो. गंमत म्हणजे त्या वेळी यातल्या एकाही प्रसंगात आम्ही हसलो नव्हतो. हसायला जीव ठिकाणावर असावा लागतो!

तर ऐका. ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. नागपूरला रामदासपेठेत एका इमारतीच्या तळमजल्यावर आमचं सेंटर होतं. लोकांची कामं करून द्यायचो. परीक्षांचे निकाल, कुठल्या सोसायटीचा माल, सरकारी खात्यांची आकडेमोड. देशकर साहेब आमचे प्रमुख, आधी कॉलेजात गणित शिकवायचे. हरीश लालवानी मशीनचा इंजिनीअर. तो जरीपटक्याचा सिंधी, मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात बोलायचा. शैला वानखेडे कामठीहून रोज बसनं यायची आणि कार्डं पंच करायची. आणि मी सुनंदा रामटेके, इंदोऱ्याची, ऑपरेटर. मशीनला खायला घालणं हे माझं काम.

खायला म्हणजे कार्डं. तेव्हा मशीनला काहीही सांगायचं तर जाड कागदाच्या कार्डांना भोकं पाडून सांगावं लागे. एकेका कामाची कार्डं खोकी भरभरून यायची. पण त्या सगळ्यांच्या आधी एक लहानसा गठ्ठा आत जायचा. पास व्हायला किती मार्क लागतात, विषय किती, साल कोणतं, असल्या मूळ गोष्टी त्यावर असायच्या. प्रोग्राम सुरू व्हायच्या आधी हे सगळं मशीनच्या डोक्यात बसलेलं पाहिजे. एकदा का तो सुरू झाला, की मग कोणाच्या बापाचं ऐकत नसे. आम्ही त्या गठ्ठ्याला ‘आधीची कार्डं’ म्हणायचो.

देशकर साहेब नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचे, “बाकीचं एक कार्ड चुकलं तर एक पोरगं बोंबलते. आधीचं एक चुकलं तर सारा जिल्हा बोंबलते. अन् मशीन तोंडातून ब्र काढत नाही!”

*

मे महिना. बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं. आत एसी, आणि हवा इतकी कोरडी की दाराच्या कडीला हात लावला तरी झटका बसायचा. निकालाचं काम होतं. परीक्षावाल्यांचे एक अधिकारी मांडीवर ब्रीफकेस घेऊन समोर बसलेले. सारखं एकच, “वर कळवून टाकू ना, निकाल तयार आहे म्हणून?”

मी आधीची कार्डं लावली, मग बाकीची. प्रिंटर धडधडायला लागला. पहिलं पान, सगळे पास. दुसरं पान, सगळे पास. अधिकारी एकदम खूश. “यंदा पोरांनी नाव काढलं!”

देशकर साहेब मात्र ओळ न् ओळ वाचत होते. कागद हातात घेऊन त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं होतं.

“रामटेके बाई, हे पाहा. या पोराचे मार्क कुठी आहेत?”

मी पाहिलं. मार्कांच्या जागी ‘ॲबसेंट’. आणि पुढे, ‘पास’!

लालवानीनं कार्ड वाचायचं यंत्र उघडलं. कोरड्या हवेनं दोन कार्डं एकमेकांना चिकटली होती आणि एकदमच आत गेली होती. पास व्हायला किती मार्क लागतात, ते नेमकं खालचं! मशीनला ते कधी दिसलंच नाही. मशीनच्या हिशेबानं शून्याला पास. पेपरला न आलेलाही पास.

अधिकाऱ्यांनी रुमालानं मान पुसली. “समजा... समजा हे असंच बाहेर गेलं असतं तर?”

“तर पोरांनी आमची मिरवणूक काढली असती,” देशकर साहेब म्हणाले, “अन् पेपरवाल्यांनी तुमची वरात!”

*

आता ‘पंखा’ सांगते.

कामठीच्या विणकरांच्या एका सोसायटीचं काम आमच्याकडे होतं. त्यांची आधीची कार्डं म्हणजे कोणत्या मागावर कोणतं कापड, पन्हा किती, सूत कोणतं. शैला तिथलीच, म्हणून ती कार्डं सोसायटीत दाखवायची आणि मंजूर झाली की सकाळच्या बसनं घेऊन यायची.

त्या दिवशी दुपारी सोसायटीचे अध्यक्ष स्वतः काम बघायला येणार होते. बघून पसंत पडलं तर वर्षभराचं काम, नाही तर ते दुसरीकडे जाणार. आणि शैला आली ती दारातच उभी. चेहरा पांढराफटक.

“ताई, डबा हातात हाय. खोकं बसमधीच राहिलं.”

बस तर परत कामठीला निघालेली. मूळ कागदही त्याच खोक्यात. लालवानीनं लगेच स्कूटर काढली. पुढे तो, मधे शैला, मागे अर्धी हवेत मी! भर उन्हात कामठी रोडनं सुटलो. शैला सारखी म्हणे, “कंडक्टरनं फेकून देलं असलं तर? साहेबाले काय तोंड दाखवू मी?” कोणी उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायला तोंड उघडलं असतं तर धूळच आत गेली असती.

इंदोऱ्याच्या पुढे बस एका थांब्यावर उभी सापडली. शैला आणि मी आत चढलो, आणि पाहतो तर काय! सगळी बस आमच्या कार्डांनी वारा घेऊन राहिली होती! बेवारस खोकं पाहून कोणीतरी एक कार्ड काढलं, वारा बरा आला, मग काय! ड्रायव्हरच्या मागच्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांच्या हातात एकेक.

शैला हात जोडत, रडकुंडीला येत एकेक कार्ड गोळा करत गेली. लोकांनी दिली. एक म्हातारी तेवढी देईना. तिच्या मांडीवर नातू, घामानं भिजलेला, किरकिर करत होता.

“आजी, द्या ना वं. माही नोकरी जाईल.”

“अन् मी दिल्यावर माह्या नातवाले वारा कोन घालन? तुही नोकरी?”

“मी घालते.”

“मंग घाल. तो झोपला का घेऊन जाय.”

शैलानं डब्याचं झाकण काढलं आणि वारा घालायला लागली. कंडक्टरनं घंटी मारली. बस निघाली. मागे लालवानी हॉर्न वाजवत, हातवारे करत. त्याला कळेना, या दोघी उतरून का नाही राहिल्या!

अध्यक्षांच्या आधी कसेबसे सेंटरला परतलो, काम मिळालं; पण पोरगं झोपलं, तेव्हा कामठी आलं होतं.

*

निकालाच्या दिवसांत आमच्या दारावर माणसं घुटमळायची. बहुतेकांना एवढंच वाटे, की मशीन म्हणजे काही देव नाही, आत कोणीतरी माणूस असेल. पण एकदा एक गृहस्थ आले ते सगळी माहिती काढून आले. पांढरा सफारी, मोठं वजन असलेला माणूस. कोणाकोणाची नावं घेत ते सरळ देशकर साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. मी तिथेच उभी होते.

“साहेब, आपलं पोरगं एका विषयात दोन मार्कांनी जाऊन राहिलं, असं कळलं.”

“कोणी सांगितलं?”

“ते जाऊ द्या. मले समजलं का, ग्रेसचे मार्क किती द्यायचे ते तुमच्या एका कार्डावर असते. एकच तर कार्ड आहे! दोन वाढवले तर काय आभाळ पडते?”

बोलता बोलता त्यांनी आमच्या इमारतीच्या मालकाशी त्यांची किती दोस्ती आहे, हेही सांगितलं. सेंटरचा भाडेकरार त्याच वर्षी संपत होता. देशकर साहेबांच्या कपाळावरची शीर उडताना मला दिसली. मला वाटलं, आता भांडण होणार.

पण साहेब उठले, आणि मला म्हणाले, “रामटेके बाई, ते कार्ड आणा.”

मी जाऊन आणलं. साहेबांनी ते टेबलावर ठेवलं.

“हे पाहा. हे कार्ड साऱ्यांसाठी एकच असते. तुमच्या पोरासाठी वेगळं नाही. याच्यावर दोन वाढवले, का दोन मार्कांनी गेलेली सारी पोरं पास.”

“सारी?”

“सारी. तुमच्या शेजारी कोण राहते?”

गृहस्थांनी एका डॉक्टरचं नाव घेतलं. ते घेताना तोंड थोडं वाकडं झालं. “त्याचंही पोरगं यंदाच बसलं आहे.”

“मंग ते दोन मार्कांनी गेलं असलं तर तेही पास. सांगा, वाढवू?”

गृहस्थ त्या कार्डाकडे पाहत बसले. हा माणूस ‘हो’ म्हणाला तर साहेब काय करतील, मला खरंच माहीत नव्हतं.

शेवटी ते उठले, खुर्ची मागे सारली.

“राहू द्या,” म्हणाले. “पोरगं पुढच्या वर्षी बसन पुन्हा!”

*

आमच्याकडे नवा प्रिंटर आला, त्याचं उद्घाटन ठरलं. एक मोठे पुढारी येणार, बटण दाबणार, आणि प्रिंटरमधून त्यांच्या नावानिशी स्वागत छापून निघणार. कल्पना देशकर साहेबांची. पाहुण्यांचं नाव अर्थातच आधीच्या कार्डावर. सकाळीच मी सगळं मशीनमध्ये भरून ठेवलं. आता फक्त बटण.

पाहुणे यायच्या जरा आधी फोन आला. ते पुढारी आजारी पडले, त्यांच्याऐवजी दुसरे निघालेत, गाडी वाटेत आहे. दुसरे म्हणजे गाढेवार! आणि या दोघांमध्ये विस्तव जात नव्हता, हे अख्ख्या नागपूरला माहीत. मशीनच्या पोटात नाव पहिल्याचं!

“थांबवा!” साहेब ओरडले. “पुन्हा पहिल्यापासून भरा!”

शैला पंच मशीनवर बसली. लालवानी पाहुण्यांना दारातच अडवायला गेला आणि त्यांना एसी कसा चालतो ते समजावू लागला. आवाज आत येत होता, “सर, ये देखिए कॉम्प्रेसर...” आणि गाढेवार, “हो हो, आमच्या घरीही आहे!” शैलानं कार्ड माझ्या हातात कोंबलं, मी आत टाकलं, मशीननं गिळलं, आणि त्याच क्षणी मागे चपलांचा आवाज. मी घाम पुसून बाजूला झाले.

गाढेवारांनी बटण दाबलं. प्रिंटर धडधडला. सगळे टाळ्या वाजवायला हात उचलून उभे.

आता एक गोष्ट घाईत कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. प्रिंटरला फक्त इंग्रजी अक्षरं यायची. आणि आधीच्या पाहुण्यांचं आडनाव आखूड, इंग्रजीत पाच अक्षरांचं, म्हणून प्रोग्राममध्ये जागाही पाचच अक्षरांची सोडलेली. गाढेवार म्हणजे GADHEWAR, ते पाच अक्षरांवर तुटलं! जे उरलं, ते मोठ्या ठळक अक्षरांत छापून निघालं:

‘वेलकम श्री गधे’.

टाळ्या हवेतच राहिल्या. देशकर साहेबांनी डोळे मिटले. पाहुण्यांनी कागद फाडून हातात घेतला, चष्मा लावला, वाचला. पुन्हा वाचला. त्यांच्या मागे उभे असलेले चारदोन कार्यकर्ते बाह्या सरसावायला लागले.

गाढेवार मशीनकडे वळले. त्याच्या पत्र्यावर हात फिरवला.

“हुशार आहे,” ते म्हणाले. “आमच्या बायकोले हे समजायला कितीक वर्षं लागले!”

*

लालवानीचं लग्न आमच्या कोणाच्याच विस्मरणात जाणार नाही. त्याच्या बायकोच्याही!

आमचं मशीन वीज जाऊन आली की सगळं विसरायचं. अगदी कार्ड कसं वाचायचं हेही. मग समोरच्या पट्टीवरचे खटके एका ठरावीक क्रमानं वर-खाली करून त्याला ते शिकवावं लागे, आणि मग ते आधीची कार्डं घ्यायला तोंड उघडे. हा क्रम लालवानीच्या बोटांत होता. लग्नासाठी आठवडाभर सुट्टीवर जाताना तो सांगून गेला होता, “मशीन को बंद मत करना, बस!”

आम्ही नाही केलं. विजेनं केलं! नेमकं त्याच्या लग्नाच्या संध्याकाळी. मशीनमध्ये परीक्षेची हॉल तिकिटं अर्धी छापलेली, उरलेली सकाळी गाडीत चढायला हवीत. कंपनीचं पुस्तक होतं, त्यातला क्रम साहेबांनी आणि मी करून पाहिला. काही होईना. लालवानीनं मधे कधीतरी आतलं काही बदललं होतं.

साहेबांनी मला रिक्षात बसवलं. जरीपटक्याला पोचले तर वरात रस्त्यात. बँड असा वाजत होता की कानाचे पडदे फाटावे. लालवानी घोडीवर, तोंडावर सेहरा. मी गर्दीत घुसून घोडीच्या बाजूनं चालायला लागले.

“लालवानी! मशीन बंद पडलं! खटके सांगा!”

त्यानं सेहरा बाजूला केला. मला पाहून त्याचा चेहरा पडला. तो काहीतरी ओरडला. ऐकूच आलं नाही. मी हात कानाला लावला. मग त्यानं हातानंच सांगायला सुरुवात केली. उजवा हात वर. वर. खाली. वर. खाली, खाली. मी पेनानं तळहातावर रेघा ओढत चालले. जीव सगळा त्याच्या हातावर. एक चुकला तर परत पहिल्यापासून!

निम्म्यावर आलो आणि मला काहीतरी विचित्र वाटलं. मान वळवून पाहते, तर सगळी वरात हात वर, वर, खाली करत नाचत होती! त्यांना वाटलं, नवरदेवाला जोर आला! बँडवाल्यानंही त्यावर ठेका धरला. आता लालवानीचा हात कोणता आणि त्याच्या मामाचा कोणता, मला कळेना. तो घोडीवरून डोकं हलवून ‘नाही, नाही’ सांगतोय, तर लोकांनी तेही उचललं!

शेवटी तो घोडीवरून खाली उतरला. भर वरातीत. माझा तळहात धरला, उरलेल्या रेघा स्वतः ओढल्या आणि परत चढला.

मशीन सुरू झालं. हॉल तिकिटं गेली. पण त्याची सासू पुढे कितीतरी दिवस त्याला विचारत होती म्हणे, “जावईबापू, बरातमधून उतरून जिचा हात पकडला, ती कोण?”

*

आणि आता शैलाची.

कामठीजवळून वाहणाऱ्या नदीच्या वरच्या अंगाला एक धरण होतं. पावसाळ्यात पाटबंधारे खात्याचं काम आम्ही करायचो. धरणात पाणी किती, पाऊस किती, आणि दारं किती उघडली तर खाली नदी कुठपर्यंत चढेल, कधी चढेल. धरणाची मूळ माहिती आधीच्या कार्डांवर. दारं किती आणि एकेका दारातून पाणी किती जातं, हे सगळं तिथे.

तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. सकाळपासून धरणावरच्या इंजिनीअरचे ट्रंक कॉल येत होते. आवाज विहिरीतून आल्यासारखा. साहेब आकडा ऐकून मोठ्यानं म्हणायचे, शैला तो पंच करायची. तिचं घर कामठीला नदीकाठीच होतं. घरी आई एकटी.

दुपारी पहिला कागद निघाला. साहेबांनी बोट फिरवत खालपर्यंत वाचला आणि खुर्चीत बसले. “काठाच्या आत राहते. हातभर खाली.”

शैलानं डोळे मिटून घेतले. साहेबांनी खात्याच्या अधिकाऱ्यांना फोन करून सांगितलं, धोका नाही. लालवानीनं चहा मागवला. शैलानं डबा उघडला.

पहिला घास तोंडात जायच्या आधी पुन्हा ट्रंक कॉल. साहेब ऐकत होते आणि त्यांचा चेहरा बदलत होता.

“किती? दोन? वर जाऊनच नाही राहिली?”

धरणाची दोन दारं अडकली होती. आमच्या कार्डावर सगळी दारं चालती होती! म्हणजे मशीननं धरलं होतं की पाणी आतापासून थोडं थोडं सुटत राहील. आता ते तुंबणार होतं, आणि मग एकदम वरून उलटणार होतं.

शैलानं डबा तसाच सारला आणि उभ्या उभ्या नवं कार्ड पंच केलं. मी ते गठ्ठ्यात लावते आहे, तोच दिवे मिचमिचले. गेले. परत आले. मशीन सगळं विसरलं! लालवानी खटक्यांकडे धावला. खटके झाले. मी आधीची कार्डं एकेक करून हातानं सुटी केली, चिकटलेली नकोत म्हणून, आणि आत सोडली. शैला माझ्या बाजूला उभी होती, तिच्या बांगड्यांचा बारीक आवाज येत होता.

कागद निघाला. साहेबांनी वाचला. या वेळी बसले नाहीत.

“पाच वाजता,” ते म्हणाले. “कामठीच्या काठावर. माणूसभर वर.”

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून गेले होते.

साहेबांनी फोन उचलला. पलीकडचे अधिकारी इतके चिडले की त्यांचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता. “मघाशी तुम्हीच म्हणालात, धोका नाही! आता म्हणता गाव बुडते! आम्ही कोणतं खरं धरायचं? मी वर विचारतो.”

देशकर साहेबांचा आवाज एवढा चढलेला मी त्या एकाच दिवशी ऐकला. “विचारा! पण गाड्या आधी पाठवा, अन् मंग विचारा! मघाशी दारं चालून राहिली होती, आता नाही चालत! पाणी नाही आलं तर मले तुरुंगात टाका, पण माणसं बाहेर काढा!”

त्यांनी फोन ठेवला तसा शैलानं उचलला. तिच्या घराजवळ एक किराणा दुकान होतं, तिथे फोन होता. दुकानदारानं आईला बोलावून आणलं. आम्हाला शैलाचंच बोलणं ऐकू येत होतं.

“माय, घर सोड. आत्ताच्या आत्ता. शाळेत जाय.”

“...”

“पाणी येते म्हणून.”

“...”

“आत्ता नाही दिसत, संध्याकाळी दिसन. सामान राहू दे.”

“...”

“मशीनले काय माहीत? माय, ऐक माह्यं. मशीन नाही सांगून राहिलं. मी सांगून राहिली. ते कार्ड मी पंच केलं. मी!”

मग तिनं फोन ठेवला आणि खाली बसली. आई काय म्हणाली, कोणी विचारलं नाही.

संध्याकाळी कामठीचा रस्ता बंद झाला. बस नाही, फोन लागत नाही. शैला माझ्याबरोबर इंदोऱ्याला आली. माझ्या आईनं वाढलेलं ताट तिनं समोर ठेवलं आणि तशीच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी रस्ता उघडला तसे आम्ही चौघंही निघालो. खात्याच्या गाड्या वेळेवर गेल्या होत्या, एवढं कळलं होतं. शैलाचं घर होतं तिथे चिखल होता आणि एक चौकट उभी होती. भिंती नव्हत्याच. शैला तिथे थांबली नाही. शाळेकडे पळत सुटली.

शाळेच्या व्हरांड्यात माणसंच माणसं. ओली लुगडी, रडणारी पोरं, कोणाच्या कडेवर कोंबडी. आणि एका खांबाला टेकून शैलाची आई बसलेली. शैला तिच्या कुशीत शिरली. आईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग तिची नजर आमच्याकडे गेली.

“हे कोन व्हय?”

“आमचे साहेब, माय.”

“मशीनवाले?”

देशकर साहेबांनी हात जोडले. आईनं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

“पाच वाजता पाणी येते म्हने तुमचं मशीन?”

“हो.”

“पाच वाजता कुठी आलं? दिवे लागायच्या टायमाले आलं! मी चूल पेटती ठेवून निंगाली इथं. साऱ्या भाकरी थापून झाल्या असत्या ना, बाप्पा!”

देशकर साहेबांनी मान खाली घातली.

“चुकलं आमचं, माय,” ते म्हणाले.